भांग, गांजा आणि सीबीडी : वनस्पती एक, कायद्याच्या रेषा दोन

(बेंगळुरू येथे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२०२२ साली याच शहरातील एका प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयापुढे जामीन अर्ज आला. पोलिसांनी सुमारे २९ किलो भांग आणि ४०० ग्रॅम गांजा जप्त केला होता. गांजाचे एक किलोपर्यंतचे प्रमाण कायद्याने 'अल्प' ठरते, वीस किलोंपेक्षा अधिक असल्यास 'व्यापारी'. आणि व्यापारी प्रमाणासाठी किमान शिक्षा दहा वर्षांची आहे. ती भांग गांजात मोजायची की नाही, यावर त्या व्यक्तीचे भवितव्य अवलंबून होते. भांग ही गांजा वा चरसापासून बनवल्याचे दाखवणारे काही पुढे आलेले नाही, असे नमूद करून न्यायालयाने जामीन मंजूर केला.

या निर्णयाचे मूळ १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातील व्याख्येत आहे. त्यानुसार झाडाची राळ म्हणजे चरस आणि फुलोऱ्याचे वा फळधारी शेंडे म्हणजे गांजा. शेंड्यांविना असलेली पाने व बिया गांजाच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. हीच भाषा १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही आढळते. म्हणजे भारतीय कायदा झाडाच्या अवयवावरून रेषा आखतो.

अमेरिकेने २०१८ च्या कृषी कायद्यात वेगळी कसोटी लावली. टीएचसी या मादक घटकाचे प्रमाण कोरड्या वजनाच्या ०.३ टक्क्यापर्यंत असेल तर ते पीक 'हेम्प', त्याहून अधिक असेल तर 'मारिहुआना'. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही एकाच प्रजातीत मोडतात. ०.३ हा आकडा निसर्गाने दिलेला नाही, तो माणसाने ठरवला आहे. (व्यापारी नावांनी तर गोंधळ अधिकच वाढतो. शेतकरी हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो ताग इंग्रजीत 'सन हेम्प' म्हणवतो. त्याचा भांगेशी काहीही संबंध नाही.)

आता सीबीडी, अर्थात कॅनाबिडिओल. झाडात एकाच पूर्वद्रव्यापासून टीएचसी आणि सीबीडी ही दोन्ही द्रव्ये आम्लरूपात तयार होतात आणि उष्णतेने त्यांना अंतिम रूप येते. दोघांचे रासायनिक सूत्र एकच, अणूंची मांडणी मात्र भिन्न. म्हणून टीएचसी नशा आणते, सीबीडी आणत नाही. नशा नाही म्हणजे परिणाम नाही, असे मात्र नव्हे. सीबीडी यकृतावर आणि इतर औषधांच्या कार्यावर परिणाम करू शकते. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अपस्माराच्या लेनॉक्स-गॅस्टो व ड्रावे या दोन दुर्मीळ प्रकारांसाठी शुद्ध सीबीडीचे औषध मान्य केले. निद्रानाश, चिंता, सांधेदुखी यांविषयीच्या दाव्यांना तितका भक्कम पुरावा नाही.

अडचण अशी की सीबीडी मुख्यतः फुलोऱ्याच्या सूक्ष्म ग्रंथींत साठते, आणि आपल्या कायद्यात टीएचसी कितीही कमी असले तरी फुलोरा हा गांजाच. कलम १४ शासनाला औद्योगिक लागवडीस परवानगी देण्याचा अधिकार देते, पण तो तंतू वा बियांसाठी; फुलोऱ्याचा त्यात उल्लेख नाही. अशी परवानगी देण्यात उत्तराखंड अग्रणी ठरले, तेथेही ०.३ टक्क्यांची मर्यादा आहे. परिणामी शेतकऱ्याला दोन्ही रेषा सांभाळाव्या लागतात, आणि पिकाचा सर्वांत मूल्यवान भाग तर त्याच्या हिशेबाबाहेरच राहतो.

ग्राहकाची फसगत होते ती येथेच. नोव्हेंबर २०२१ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने भांगेचे बी, बियांचे तेल व पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. त्यांत सीबीडी प्रति किलो ७५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, अशी अट आहे. आयुर्वेदीय औषधांची वाट वेगळी आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ अनुसूचीत भांगेचा समावेश असल्याने ती वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना वेष्टनावर आवश्यक असते.

आता वीस किलो वजनाच्या अपस्मारग्रस्त बालकाचा विचार करा. मान्यताप्राप्त औषधाची नेहमीची मात्रा प्रति किलो वजनास दिवसाला दहा मिलिग्रॅम, म्हणजे एकूण २०० मिलिग्रॅम. दुकानातील 'हेम्प' बियांच्या तेलातून तेवढे सीबीडी मिळवायचे, तर अन्न मानकांच्या कमाल मर्यादेचे तेलही दररोज अडीच किलोंहून अधिक लागेल.