बर्फावरील हॉकीचा गुणहिशेब

उत्तर अमेरिकेंतील नॅशनल हॉकी लीगमध्यें बर्फावरील हॉकीच्या संघांचा क्रम गुणांवरून लागतो. विजयास २ गुण. साठ मिनिटांच्या ठरीव खेळांत हरल्यास शून्य. मात्र बरोबरी होऊन पुढील जादा खेळांत हरल्यास १. म्हणजे कधीं एका सामन्यांतून दोन गुण निघतात, कधीं तीन! गणित शिकविण्यांत हयात गेलेल्या माझ्या मास्तरी मनाला हें खटकतें. २०१७-१८ च्या हंगामांत न्यू जर्सी व फ्लॉरिडा या दोन्ही संघांनीं ८२ पैकीं ४४ सामनेच जिंकले. परंतु न्यू जर्सीचे जादा खेळांतील पराभव ९, फ्लॉरिडाचे ८. गुण झाले ९७ आणि ९६. न्यू जर्सीला बाद फेरींत प्रवेश मिळाला. फ्लॉरिडाचे खेळाडू घरीं परतले.