एकटीचा प्रवास आणि रोजगाराची मोजणी

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



श्रमबलाची आकडेवारी आपण पाठ करता. ही आकडेवारी ज्या वाटेने येते, त्या वाटेविषयी आज मी बोलणार आहे. ती वाट अनेकदा आडबाजूच्या लहान शहरांच्या बसस्थानकावरून जाते. तेथे रात्री एकटी उतरणाऱ्या स्त्रीला विचारला जाणारा पहिला प्रश्न तिच्या कामाविषयीचा नसतो.

1996 च्या हिवाळ्यात एका संशोधन प्रकल्पासाठी मी प्रथम कालाहंडी जिल्ह्यात गेले. ओडिशाला त्या वेळी ओरिसा म्हणत. जिल्ह्याचे मुख्यालय भवानीपटना येथे असले तरी रेल्वे तेथे पोहोचली ती 2012 साली. तोपर्यंत केसिंगा स्थानकावर उतरून पुढे बसने जावे लागे. माझी बस वाटेत बंद पडली आणि पोहोचायला रात्रीचे नऊ वाजले. पहिल्या लॉजच्या व्यवस्थापकाने नोंदवही उघडली, माझ्यामागून कोणी येते आहे का ते पाहिले आणि विचारले, “एका?” ओडिया भाषेत एका म्हणजे एकटी. मी होकार देताच वही मिटली गेली. दुसऱ्या लॉजमध्येही तेच घडले. अखेरीस बसस्थानकाजवळ खानावळ चालविणाऱ्या एका विधवा बाईंनी स्वयंपाकघरामागची खोली मला दिली. मावशीला ओडियातही माउसी म्हणतात, त्यामुळे त्यांना काय म्हणावे हा प्रश्न आपोआप सुटला. तेथे मी अकरा दिवस राहिले. (प्रवासभत्त्यासाठी पावती आवश्यक होती, ती माउसींकडे कोठून असणार? ते पैसे मला कधीच मिळाले नाहीत.)

या प्रसंगाचा अर्थशास्त्राशी संबंध काय? मुक्कामाची सोय नसलेली अन्वेषक स्त्री दुपारच्या परतीच्या बसकडे डोळे लावून काम करते. भरदुपारी गावात भेटतात ते बहुधा पुरुष. स्त्रिया रानात, शेतात किंवा बाजारात असतात. मग घरातील स्त्रियांच्या कामाविषयीची माहिती कुटुंबप्रमुखाकडून घेतली जाते आणि “ती घरीच असते” हे उत्तर तक्त्यात उतरते. मी मुक्कामी असल्यामुळे पहाटे व दिवेलागणीनंतर त्याच घरांत पुन्हा जाऊ शकले. अनेक उत्तरे बदलली.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या पद्धतीत प्रत्येक व्यक्तीच्या कार्यस्थितीला संकेतांक असतो. केवळ घरकाम करणाऱ्या व्यक्तीस 92, तर घरकामाबरोबर जळण, भाजी, चारा गोळा करणे किंवा घरच्यापुरते शिवणकाम करणाऱ्या व्यक्तीस 93. हे दोन्ही संकेतांक श्रमबलाबाहेरचे आहेत. स्वतःचा व्यवसाय चालविणाऱ्यास 11 व कौटुंबिक उद्योगात विनावेतन मदत करणाऱ्यास 21 दिला जातो. हे दोन्ही रोजगारात मोजले जातात. शेळ्या राखणारी, पत्रावळी लावून विकणारी स्त्री कोणत्या रकान्यात जाईल, हे पुष्कळदा कोणाला व केव्हा विचारले यावर ठरते. कालाहंडीत केंदुपत्त्याची, म्हणजे आपल्याकडील तेंदूपत्त्याची तोडणी उन्हाळ्यात होते. हिवाळ्यात मागील सात दिवसांचा हिशेब विचारला, तर ती तोडणी येतच नाही. वर्षभराच्या सहायक कामाच्या प्रश्नात ती यावयास हवी, परंतु त्यासाठी पाने तोडणारीलाच विचारावे लागते.

याच संदर्भात जनगणना नगराची व्याख्या पाहा. 2011 च्या जनगणनेत तिच्या तीन कसोट्या होत्या: किमान 5,000 लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान 400 इतकी घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के बिगरशेती कामात असणे. पुरुषांपैकी, हा शब्द सहसा वाचकांच्या नजरेतून सुटतो. 2001 मध्ये अशी 1,362 नगरे होती, 2011 मध्ये ती सुमारे 3,900 झाली. म्हणजे एखादे गाव नगर ठरले की नाही, याचा निर्णय तेथील स्त्रियांचे काम न पाहताच झाला.

नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार 15 वर्षांवरील स्त्रियांचा सहभाग दर 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, तो 2023-24 मध्ये 41.7 टक्के झाला. या वाढीत स्वयंरोजगाराचा वाटा मोठा आहे. रोजगार किती वाढला आणि आधीपासूनचे काम किती नोंदले जाऊ लागले, याविषयी मतभेद आहेत. दोन्ही गोष्टी घडल्या असाव्यात असे मला वाटते. परीक्षेत मात्र केवळ आकडा लिहून थांबू नका.

कायद्याचाही उल्लेख करावयास हवा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात, कामानिमित्त भेट दिलेली जागा व नियोक्त्याने पुरविलेले वाहनही कार्यस्थळात मोडते. 1997 च्या विशाखा निकालामागे राजस्थानातील एका खेड्यात काम करणारी साथिन होती, हे येथे आठवावे. मात्र हा कायदा छळापासून संरक्षण देतो. रात्रीची खोली मिळवून देणे त्याच्या कक्षेत येत नाही.

शेवटच्या दिवशी मी माउसींच्या घराचाच तक्ता भरला. उत्तरे त्यांचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा देत होता. “आई घरीच असते,” तो म्हणाला. मी 92 लिहिले. इतक्या दिवसांच्या सवयीने हात आपोआप चालला. चुलीपुढून माउसींचा आवाज आला: आज दुपारी चौतीस ताटे गेली, ती कोणी रांधली ते याला विचारा. मुलगा ओशाळला आणि मीही. 92 खोडून मी शेजारी 11 लिहिले.