आवडता खेळाडू प्रतिपक्षास मिळतो तेव्हां

बेसबॉल हा आपल्या क्रिकेटच्या जातीचाच चेंडूफळीचा खेळ. परंतु अमेरिकेंत त्याचें स्थान नुसत्या करमणुकीचें नाहीं. तेथील संघ शहरांच्या नांवानें ओळखले जातात, आणि एका हंगामांत प्रत्येक संघ 162 सामने खेळतो. वसंतापासून शरदापर्यंत जवळजवळ रोज एक सामना! त्यामुळें आवडता खेळाडू चाहत्याला घरच्या माणसासारखा होतो; रोज त्याची खुशाली कळते, रोज त्याच्याविषयीं चार शब्द बोलले जातात. असा माणूस एके दिवशीं उठून प्रतिस्पर्ध्याच्या गोटांत दाखल झाला, तर चाहत्याच्या मनाचें काय होत असेल?

हें दुःख बॉस्टन शहराइतकें क्वचितच कोणीं भोगलें असेल. बॉस्टनचा ‘रेड सॉक्स’ आणि न्यूयॉर्कचा ‘यांकीज’ यांचें हाडवैर प्रसिद्धच आहे. बेब रूथ हा बॉस्टनचा लाडका खेळाडू. तो संघांत असतांना बॉस्टननें 1915, 1916 व 1918 असें तीनदां अजिंक्यपद मिळविलें. 1919 सालीं त्यानें एका हंगामांत 29 वेळां ‘होम रन’ मारून त्या काळचा उच्चांक केला. आणि 1920 च्या जानेवारींत जाहीर झालें कीं, संघाचे मालक हॅरी फ्रेझी यांनीं त्याला एक लक्ष डॉलरांना न्यूयॉर्कला विकलें आहे! फ्रेझी हे नाटकांचे निर्माते. त्यांना पैशाची निकड होती. त्याच वर्षीं रूथनें न्यूयॉर्कसाठीं 54 होम रन मारले. त्यानंतर बॉस्टनला अजिंक्यपदाचें तोंड दिसलें तें थेट 2004 सालीं.

या प्रकरणांत बॉस्टनकरांच्या रागाला एक सोयीचें स्थान होतें. राग मालकावर काढतां येत होता, रूथवर नव्हे. कारण त्या काळीं खेळाडूला स्वतःची इच्छाच नव्हती. करारांतील एका कलमानें तो आपल्या संघाशीं जखडलेला असे. करार संपला तरी बंधन संपत नसे. मालकानें ठेवलें तर राहावें, विकलें तर जावें, नाहीं तर खेळ सोडावा. ज्याला चाहते निष्ठा म्हणून पूजीत, तिच्यांत खेळाडूच्या मर्जीचा अंश किती होता, हें कोणीच पाहत नव्हतें.

तें पाहावयास लाविलें कर्ट फ्लड यानें. सेंट लुई संघांत बारा हंगाम खेळलेल्या या खेळाडूला 1969 सालीं न विचारतां फिलाडेल्फियाच्या संघाकडे देण्यांत आलें. त्यानें जाण्याचें नाकारलें. आपण खरेदीविक्रीची वस्तु नाहीं, असें त्यानें खेळाच्या आयुक्तांना लिहून कळविलें आणि न्यायालयाची पायरी चढला. 1970 चा सबंध हंगाम तो खेळला नाहीं. 1972 सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध तीन मतांनीं त्याच्याविरुद्ध निकाल दिला. मात्र 1975 च्या डिसेंबरांत दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणीं लवादानें तें बंधन मोडलें. ज्यानें झाड लावलें त्याला फळ मिळालें नाहीं, पुढच्यांना मिळालें.

आतां खेळाडू मोकळा झाला, आणि चाहत्याचें दुःख अधिकच तिखट झालें. ‘त्याला विकलें’ हें वाक्य जाऊन ‘तो गेला’ हें वाक्य आलें.

जॉनी डेमन याची गोष्ट त्याच प्रकारची. लांब केस, भरघोस दाढी, बेफिकीर हंसणें—बॉस्टनची मुलें त्याच्यावर जीव टाकीत. 2004 च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कनें पहिले तीन सामने जिंकून बॉस्टनला कड्यावर नेऊन उभें केलें होतें. बॉस्टननें पुढचे तिन्ही जिंकले. सातव्या, निर्णायक सामन्यांत, न्यूयॉर्कच्याच मैदानावर, तिन्ही तळांवर गडी उभे असतांना डेमननें चेंडू प्रेक्षकांत भिरकाविला व एकाच टोल्यांत चार धांवा मिळविल्या. त्याच वर्षीं 86 वर्षांचा वनवास संपला. आणि पुढच्याच वर्षीं, 2005 च्या डिसेंबरांत, हाच डेमन चार वर्षांच्या 5 कोटी 20 लक्ष डॉलरांच्या करारावर न्यूयॉर्कला गेला. बॉस्टननें देऊं केलेली रक्कम यापेक्षां एक कोटी वीस लक्षांनीं कमी होती. यांकीजच्या तेव्हांच्या नियमाप्रमाणें त्यानें केस कापले, दाढीही उतरविली. ज्या मुलांनीं त्याचें चित्र भिंतीवर लाविलें होतें त्यांना तो चेहराही ओळखूं येईना.

अशा वेळीं ‘कृतघ्न’ हा शब्द ओठांवर येतो. पण विचार केला तर प्रश्न इतका सोपा नाहीं. खेळाडूचें शरीर चाळिशीच्या आंत थकतें. कमाईचे दिवस मोजके. चाहता स्वतः दुसऱ्या पेढीनें अधिक वेतन देऊं केलें तर ती नोकरी स्वीकारतोच. त्याला कोणी द्रोही म्हणत नाहीं. तरीही चाहत्याचें दुःख खोटें ठरत नाहीं. त्यानें पैशाचा नव्हे, प्रेमाचा व्यवहार केलेला असतो. आणि त्या व्यवहाराच्या कागदावर सही फक्त एकाचीच असते. गमावलें काय, हें त्याचें त्यालाच कळतें.

या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असतात, याचें प्रत्यंतर 1 मे 1906 नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे 1 मे 2006 रोजीं बॉस्टनच्या मैदानावर आलें. डेमन परक्या संघाच्या वेषांत फळी घेऊन उतरला. सारें मैदान हुर्योनें दणाणलें. पण त्या गदारोळांतच कांहीं ठिकाणीं टाळ्याही वाजत होत्या. डेमननें शिरस्त्राण काढून प्रेक्षकांस अभिवादन केलें, आणि मग तो खेळावयास उभा राहिला.