डोळ्यातले फूल आणि एक गोल पाते



'डोळ्यात फूल पडले' हा शब्दप्रयोग आपणा सर्वांच्या कानांवरून गेलेला आहे. फुलासारख्या रम्य वस्तूचे नाव या व्याधीस कोणी दिले असेल ते देव जाणे. बुबुळाच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक, किंचित फुगीर असा एक पडदा असतो. डॉक्टर लोक त्यास कॉर्निया म्हणतात. मराठीत पारपटल म्हणावे. मध्यभागी त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून थोडीशीच अधिक असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच तो काचेसारखा स्वच्छ असतो. त्यास जखम झाली, ती चिघळली आणि वण धरून भरली, की तेवढी काच पांढरी होते. हेच ते फूल. पुष्कळदा मागचा डोळा ठणठणीत असतो, परंतु प्रकाश आत जाण्याची खिडकीच बुजलेली असते.

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या डोळ्याला शत्रू फार. ज्वारीच्या पानाची कड, तुरीचे खुंट, उसाचे पाचट, मळणीच्या वेळी उडणारा भुसा. यांपैकी काहीही डोळ्यास लागले की त्याबरोबर मातीतली बुरशीही आत जाते. मनुष्य दोन दिवस डोळा चोळतो, चार दिवस कोणाच्या सांगण्यावरून काहीतरी थेंब घालतो, आणि आठवड्याने दवाखान्याची पायरी चढतो. तोवर फुलाची कळी धरलेली असते.

दाट फूल एकदा पडले म्हणजे औषधाने ते पुसले जात नाही. मग पारपटलाचा मधला गढूळ भाग गोल कापून काढावयाचा आणि त्या जागी मृत मनुष्याच्या डोळ्यातील स्वच्छ गोल तुकडा बसवून शिवावयाचा, हा उपाय. हे दोन्ही गोल ज्या हत्याराने कापतात त्याचे नाव ट्रेफाइन. दिसावयास ते अगदी साधे आहे. बोटभर रुंदीची आखूड पोलादी नळी, आणि तिच्या एका तोंडाची कड वस्तऱ्याप्रमाणे धारदार. सुताराच्या गिरमिटाचे हे अतिसौम्य धाकटे भावंड म्हणावे. भगिनींना सांगावयाचे तर लाटलेल्या पोळीवर वाटी दाबून आपण पुऱ्या पाडता, तशातलेच हे काम. अंतर इतकेच की पोळीखाली लाकडी पोळपाट असतो, आणि पारपटलाखाली थोडेसे पाणी, त्याखाली बुबुळाचा रंगीत पडदा व त्याखाली डोळ्याचे भिंग असते. हात केसभर अधिक गेला तर सारेच बिघडते.

जर्मनीतील आर्थर फॉन हिप्पेल या नेत्रवैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या नळीस घड्याळाचे चक्र जोडले. किल्ली द्यावी, कळ दाबावी, की नळी आपली आपण फिरे. तेच हत्यार घेऊन ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियातील ओलोमोउत्स या गावी (ते आज चेक प्रजासत्ताकात आहे) एडुआर्ड झिर्म यांनी आलोइस ग्लोगार नावाच्या मजुरावर शस्त्रक्रिया केली. त्याचे दोन्ही डोळे चुन्याने भाजलेले होते. एका अकरा वर्षांच्या मुलाचा डोळा धातूचा तुकडा शिरून निकामी झाल्यामुळे काढावा लागला होता. त्या एका डोळ्यातून झिर्म यांनी दोन गोल पाडले. एक फसला. दुसरा स्वच्छ राहिला, आणि ग्लोगार पुन्हा कामावर गेला. एका मनुष्याचे पारपटल दुसऱ्याच्या डोळ्यात टिकून राहिल्याचे हे पहिले उदाहरण होय.

आता हे पाते चालवितात कसे ते पाहू. रोग्याच्या डोळ्यासाठी बहुधा साडेसात ते आठ मिलिमीटर व्यासाचे पाते घेतात, आणि दात्याच्या पारपटलासाठी त्याहून पाव ते अर्धा मिलिमीटर मोठे. हा फरक कशासाठी, असा प्रश्न मीही विचारला होता. दात्याचे पारपटल एका खळगेदार ठोकळ्यावर आतली बाजू वर करून ठेवतात आणि वरून एका दाबात गोल पाडतात. तसा पाडलेला तुकडा पात्याच्या मापाहून थोडा लहानच भरतो, म्हणून पाते मोठे. आतली बाजू वर ठेवण्याचेही कारण आहे. त्या बाजूस पेशींचा एकच पातळ थर असतो. एका चौरस मिलिमीटरात दोन-तीन हजार पेशी. पारपटलात झिरपणारे पाणी या पेशी अहोरात्र उपसून टाकतात, आणि एकदा मेल्या की त्यांच्या जागी नव्या उपजत नाहीत. त्यांना कशाचाही घासा लागता कामा नये.

रोग्याच्या डोळ्यावर प्रथम मध्यबिंदूची खूण करतात. मग नळी अगदी लंब धरून, अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत, मागेपुढे हलकेच फिरवावयाची. दाबावयाची नाही, काम हाताच्या भाराने नव्हे, धारेने व्हावयाचे असते. हल्ली हवा ओढून डोळ्यास घट्ट बसणारी साधनेही वापरतात. त्यांच्या एका प्रकारात आतील पाते पूर्ण एक फेरा फिरविले म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर खोल उतरते, तेव्हा शल्यवैद्य पाव-पाव फेरे मोजीत जातो. आतील पाण्याचा थेंब वर दिसला की पाते थांबवावयाचे, आणि उरलेला काठ डाव्या व उजव्या बाकाच्या बारीक कात्र्यांनी कापून घ्यावयाचा. पुढे केसाहूनही बारीक अशा नायलॉनच्या धाग्याने, बहुधा सोळा टाक्यांनी, नवा तुकडा शिवतात.

नळी तिरपी धरली गेली, अथवा धार बोथट असली, तर काय होते? छिद्र लंबगोल होते, काठ फाटका निघतो. अशा छिद्रात गोल तुकडा ओढूनताणून शिवला की काच वाकडी बसते. रोग्याला उजेड दिसतो, माणसे दिसतात, परंतु ओळी वाकड्या आणि अक्षरे दुहेरी दिसतात. चष्म्यानेही ते नीट होत नाही. दृष्टी आली पण वाचन आले नाही, असा हा प्रकार. तीस-पस्तीस वर्षे मुलांना ओळी वाचावयास लावण्यात घालविलेल्या मनुष्यास यातील दुःख विशेष जाणवते.

म्हणून या पात्याची निगा हा मला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो, आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव होते. हत्यार राखणारीचे होत नाही. एका नेत्ररुग्णालयातील वडीलधाऱ्या परिचारिकेने मला तिचे काम दाखविले. "गुरुजी, या धारेला फक्त डोळा लागला पाहिजे, बोट नाही, कापूस नाही, दुसरं हत्यारही नाही," असे ती म्हणाली. बोट लागले तर बोट कापेल एवढेच मला वाटले होते. वस्तुतः बोटाने, कापसाने धारच मोडते, आणि कापसाचा तंतू धारेस चिकटून डोळ्यात जातो.

शस्त्रक्रिया आटोपताच ती पाते ऊर्ध्वपातित पाण्याने धुते. उशीर करीत नाही. मिठाचे पाणी वा रक्त त्यावर वाळले तर पोलादास सूक्ष्म खड्डे पडतात. आपल्याकडील विहिरीचे व बोअरचे पाणी किती जड आहे हे पाणी तापविण्याच्या भांड्याच्या बुडाशी बसणाऱ्या पांढऱ्या थरावरून आपण जाणताच. तोच थर धारेवर बसला तर ती धार कसली? साबणाने धुतल्यास तो निःशेष काढावा लागतो. त्याचा अंश डोळ्यात गेला तर आतून दाह होतो. मग पाते सिलिकॉनच्या मऊ गादीवर, दुसऱ्या हत्यारास न भिडेल असे, निराळ्या पेटीत ठेवतात. वाफेच्या यंत्रात १२१ अंश सेल्सिअसवर पंधरा-वीस मिनिटे निर्जंतुक केल्यावर ते पुरते कोरडे करावे लागते, कारण राहिलेला ओलावा म्हणजे गंज. अखेर सूक्ष्मदर्शकाखाली धारेचा पूर्ण फेरा तपासावयाचा. पूर्वी डोळ्याच्या सुऱ्यांची परीक्षा लहानशा ढोलकीवर ताणलेल्या पातळ चामड्यावर करीत; सुरी आपल्याच भाराने, आवाज न करता आरपार गेली तर धार उत्तम.

हल्ली एकदा वापरून टाकून द्यावयाची पाती मिळतात, आणि त्यामुळे निगेचा पुष्कळ भार कमी झाला आहे. परंतु तसले पाते पैसे वाचविण्यासाठी दुसऱ्या डोळ्यावर वापरणे यास मी काटकसर म्हणणार नाही. लेसर किरणांनी गोल कापण्याची सोयही मोठ्या शहरांत झाली आहे; कित्येक रोग्यांस तर पारपटलाचा आतला पातळ थर तेवढा बदलला तरी पुरते. तेथेही दात्याचा तुकडा पाडावयास बहुधा हेच गोल पाते लागते.

झिर्म यांच्या मजुराचे डोळे चुन्याने गेले होते हे मी मघाशी सांगितले. आपल्याकडे तंबाखूसाठी चुन्याची पुडी अथवा नळी घरोघर कोनाड्यात असते. माझ्या वर्गात एक मुलगा होता. आजोबांची चुन्याची नळी दाबून पाहताना ती फुटली व चुना डाव्या डोळ्यात उडाला. घरच्यांनी त्यात तूप घातले. त्या वेळी हवे होते ते पाणी. स्वच्छ पाण्याची धार, अर्धा तास, पापणी उलटून, चुन्याचा कण न् कण निघेपर्यंत, आणि मग लगेच डॉक्टर. तो डोळा गेला, आणि मुलगा अखेरपर्यंत वर्गाच्या डाव्या टोकाला बसे, म्हणजे फळा व सोबती उजव्या डोळ्यास दिसावेत. चुन्याने भाजलेल्या डोळ्यात नवे पारपटल टिकणे फार कठीण असते, कारण काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर पारपटलाच्या वरच्या थरास नव्या पेशी पुरविणारी जी कड असते तीच जळून जाते. झिर्म यांना यश आले त्यात दैवाचाही वाटा होता. हैद्राबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील वैद्यांनी दुसऱ्या चांगल्या डोळ्याच्या कडेचा कणभर तुकडा घेऊन भाजलेल्या डोळ्यावर पेरण्याची एक सोपी रीत २०१२ साली प्रसिद्ध केली. कड सुधारली म्हणजे मग, गरज असल्यास, गोल पात्याची पाळी.

आणि पाते कितीही धारदार असले तरी बसवावयास पारपटल कोठून आणावयाचे? न्यूयॉर्कला १९४४ साली व मद्रासला १९४५ साली नेत्रपेढ्या निघाल्या. मुंबई राज्याने पारपटलरोपणाचा कायदा १९५७ साली केला; मराठवाड्याचे जिल्हे त्या राज्यात सामील होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. आजही हा पुरवठा केवळ शोकाकुल घरांतून होतो. आमच्या खेड्यांत 'डोळे दिले तर पुढल्या जन्मी आंधळेपण येते' असे म्हणणारे वृद्ध भेटतात. जो देह आपण अग्नीस देतो त्यातील डोळे त्याच्याबरोबर कोठे जातात, हे त्यांना विचारले की बहुधा ते हसतात, आणि कधीकधी तयारही होतात.

मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे घेतले पाहिजेत. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्या, पंखा बंद करावा, उशीने डोके थोडे उंच करावे, आणि जवळच्या नेत्ररुग्णालयास अथवा नांदेड-लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास दूरध्वनी करावा. मृताचा मोतीबिंदू काढलेला असला, चष्मा असला, वय पुष्कळ असले, तरी अडत नाही. कावीळ, एड्स, पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने होणारा रोग यांसारख्या कारणाने मृत्यू आला असल्यास मात्र ते प्रथमच सांगावे. घरी आलेली मंडळी पंधरा-वीस मिनिटांत काम आटोपतात. बहुधा ते केवळ पारपटल व त्याभोवतीची पांढरी कड घेतात, तपासणीसाठी थोडे रक्त घेतात. चेहरा जसाच्या तसा राहतो आणि अंत्यविधीस खोळंबा होत नाही. पारपटल औषधी द्रवाच्या कुपीत, बर्फाच्या पेटीत ठेवतात. १९७४ साली निघालेल्या द्रवात ते चार अंशांवर सुमारे चार दिवस टिकते, नव्या द्रवांत चौदा दिवसांपर्यंत. तेवढ्या अवधीत ती कुपी रात्रीच्या गाडीने हैद्राबादला पोचून, तेथील ठोकळ्यावर तिच्यातील पारपटल आतली बाजू वर करून ठेवले जाऊ शकते.