नाव पुरं लिहा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला दहा मिनिटं मिळाली आहेत. फौजेत क्लार्क म्हणून चोवीस वर्षं काढली, त्यामुळे वेळ पाळायची सवय आहे. आपण जमवलेल्या निधीतून शाळेच्या आवारात हुतात्मा जवानांचा स्मृतिफलक उभारावा, असा ठराव आज आपल्यापुढे आहे. त्याला माझा पाठिंबा आहेच. मला बोलायचं आहे ते त्या फलकावर काय लिहायचं, याबद्दल.

आपल्या वऱ्हाडात एखाद्या पोराला "कोनाचा गा तू?" असं विचारलं, की ते स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव आणि गाव सांगून मोकळं होतं. एवढं सगळं मिळून माणसाची ओळख होते. लढाईत पडलेल्या साध्या शिपायाच्या वाट्याला मात्र ही पुरी ओळख क्वचितच आली.

अकोला जिल्ह्यातल्या अडगावला २९ नोव्हेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली. पुढच्याच महिन्यात, १५ डिसेंबरला, आपल्या चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. इंग्रज सेनापती वेलस्ली पाठ्यपुस्तकात आला. किल्लेदार बेनीसिंगाचं नाव राहिलं. त्याच्यासोबत तटावर उभे असलेले शिपाई आपल्यासाठी नुसते "सैन्य" होऊन गेले.

शंभर वर्षांनी पहिलं महायुद्ध आलं. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाचे ४६ जवान त्यात कामी आले. त्या काळात इंग्रजांनी आपल्या देशातल्या अनेक गावांत दगडी पाट्या लावल्या. गावातून किती माणसं युद्धावर गेली आणि त्यांतली किती मेली, असे दोन आकडे त्यांवर असत. इराकमधल्या बसऱ्याच्या मोठ्या स्मारकावर तर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि शिपायांची पलटणवार नुसती संख्या घातली. ही विषमता राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ मध्ये स्वतःच्या अहवालात मान्य केली आणि माफी मागितली. माफी यायला शंभर वर्षं लागली. तोवर त्या शिपायांच्या बायका, पोरं, कोणीच उरलं नव्हतं.

आता आपल्या काळाकडे या. दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय युद्धस्मारक उभं राहिलं. तिथे पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावं कोरलेली आहेत. ही फार मोठी गोष्ट झाली. पण नाव लिहिणं आणि नाव पुरं लिहिणं, यात फरक आहे.

१८ सप्टेंबर २०१६ ला उरीच्या तळावर हल्ला झाला. आपल्या नांदगाव खंडेश्वरचा पंजाब जानराव उईके आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या पुरडचा विकास जनार्दन कुळमेथे हे दोघं त्यात शहीद झाले. त्या वेळी वर्तमानपत्रांत सैन्याची जी यादी छापून आली, तीत "उईके जानराव" आणि "के. व्ही. जनार्दन" अशी नावं होती. मी क्लार्क होतो, म्हणून हे कसं होतं ते सांगतो. आपल्याकडे आडनाव, स्वतःचं नाव, बापाचं नाव अशा क्रमाने लिहितात. दुसऱ्या प्रांतात शेवटचा शब्द हेच नाव धरतात. मग अद्याक्षरं पडतात आणि पोराच्या जागी बापाचं नाव येतं. यात कोणाच्या मनात खोट नसते. पण जानरावांनी पोराचं नाव पंजाब ठेवलं होतं, आणि यादीत तेच नव्हतं.

आता शाळेचा मुद्दा. मित्रहो, गावातल्या पोराचं पुरं नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव शाईने लिहिलेलं एक पुस्तक प्रत्येक शाळेच्या कपाटात असतं. ते म्हणजे दाखल-खारीज रजिस्टर. म्हणून हे काम शाळेने केलं तर ते नीट होईल. माझ्या पाच सूचना आहेत.

एक, नाव रजिस्टरमधून घ्यावं आणि देवनागरीत पुरं लिहावं. अद्याक्षरं नकोत. जुन्या नोंदीत आईचं नाव सापडत नाही. ते घरी जाऊन विचारावं आणि तेही कोरावं.

दोन, पलटण, हुतात्मा झाल्याची तारीख आणि ठिकाण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पडताळून घ्यावं. मजकूर कोरण्याआधी कागदावर लिहून घरच्यांना वाचून दाखवावा. दगडावर खोडरबर चालत नाही.

तीन, क्रम तारखेचा ठेवावा, हुद्द्याचा नाही.

चार, केंद्रीय राखीव दल आणि पोलीस दलातल्यांना वगळू नये. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात गेलेले मलकापूरचे संजय राजपूत आणि चोरपांग्र्याचे नितीन राठोड हे राखीव दलाचेच जवान होते. फक्त सैन्याची यादी धरली तर अशी माणसं सुटतात.

पाच, आणि ही सूचना कोणाला आवडणार नाही. त्या दगडावर देणगीदारांची, उद्घाटकांची आणि आपल्या बॅचचीही नावं नकोत. पावती पुस्तकात ती आहेत, तेवढी पुरे.

रंगाने लिहिलेली अक्षरं दोन पावसाळ्यांत जातात, म्हणून कोरीव कामाचा खर्च धरावा. आणि दर प्रजासत्ताक दिनाला नववीच्या मुलांनी ती नावं मोठ्याने वाचावीत, गावासकट. त्या गावचं एखादं पोरगं समोर रांगेत उभं असेल. आपल्या गावाचं नाव ऐकून त्याची मान वर होईल.

आपण ज्या हजेरीला "हजर" म्हणत होतो, त्याच हजेरीत ही माणसं होती. त्यांचं नाव जसं गुरुजी पुकारत, तसंच दगडावर यावं, एवढीच विनंती करून ठरावाला अनुमोदन देतो.

जय हिंद.