चार शब्दांचा संकोच

मी मावळातल्या उर्से गावचा. द्रुतगती मार्गावरच्या टोलनाक्यामुळे आमचं नाव तुम्ही ऐकलं असेल. आज मी माझ्या थोरल्या भावाबद्दल बोलणार आहे, त्यांच्याच परवानगीनं.

सत्तरी ओलांडलेल्या भाईजाननी जुम्म्याच्या नमाजाला जाणं सोडलं. मला वाटलं, कुणाशी बिनसलं असेल. खरं कारण भाभींनी सांगितलं. रात्रीतून पाच-सहा वेळा लघवीला उठावं लागे. नमाजाआधीची शुद्धी, म्हणजे वजू, टिकत नसे. मी कविता लिहिणारा माणूस. पण 'लघवीला त्रास होतो का?' हे चार शब्द भावाला विचारायला मला महिना लागला.

असा त्रास म्हणजे कर्करोगच, असं नव्हे. वयानुसार प्रोस्टेट ग्रंथी वाढतेच. उलट, सुरुवातीच्या कर्करोगात काहीच त्रास नसतो, असंही होतं. भाईजानच्या बाबतीत पीएसए ही रक्ताची तपासणी, एमआरआय आणि बायॉप्सी यांनंतर कर्करोगाचं निदान झालं. डॉक्टरांनी संप्रेरकांची इंजेक्शनं आणि पंचवीस दिवसांचे किरणोपचार सांगितले.

ही ग्रंथी मूत्राशयाखाली, गुदाशयापुढे असते. मूत्राशय भरलं किंवा पोटात वायू धरला, की ती काही मिलिमीटर सरकते. म्हणून किरण सोडण्याआधी रोज त्याच यंत्रावर स्कॅन काढतात, मूळ आराखड्याशी ताडून पाहतात आणि टेबल तेवढं सरकवतात. नेम अचूक बसतो, शेजारचे अवयव अधिक वाचतात.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं याच पद्धतीनं २०११ ते २०१७ दरम्यान २२४ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांच्या कर्करोगात धोका जास्त होता. ग्रंथीबरोबर ओटीपोटातल्या लसिका गाठींनाही किरण दिलेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के रुग्णांच्या रक्तात पाच वर्षांनीही रोग परतल्याची खूण नव्हती. फक्त ग्रंथीला किरण दिलेल्यांत हे प्रमाण ८१ टक्के होतं. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

एके दिवशी स्कॅनमध्ये मूत्राशय पुरेसं भरलेलं दिसेना. भाईजानना खाली उतरवून पुन्हा पाणी प्यायला सांगितलं. मी वैतागलो, "कालचा फोटो आहे ना!" तेच म्हणाले, "अरे, कालचं पाणी बघून आज खाचराचा बांध फोडतात का?"

लघवीची जळजळ आणि थकवा काही आठवडे राहिला, मग ओसरला. तपासण्या चालू आहेत. भाईजान पुन्हा जुम्म्याला जातात.

तुमच्याही घरी पन्नाशी उलटलेले वडील, काका, भाऊ असतील. त्यांना विचारा. चारच शब्द आहेत.