होकार कोणाचा?



बंगळूरच्या विमानतळावर उतरलात की तुमचे पाय देवनहळ्ळी तालुक्यात टेकलेले असतात. हा विमानतळ २००८च्या मे महिन्यात सुरू झाला. त्याआधी देवनहळ्ळी गाव बाहेर ओळखलं जायचं ते टिपू सुलतानाचं जन्मगाव म्हणून, आणि इथल्या पपनसासाठी. या पपनसाला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. विमानतळाच्या मागोमाग कारखाने आले आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. आज कायदा, काम, आरोग्य आणि राजकारण यांचे अभ्यासक ज्या प्रश्नांवर डोकं लढवतायत, ते सगळे या एका तालुक्यात एकमेकांच्या शेजारी राहतात. मला त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो: होकार खरा कधी मानायचा?

आधी जमिनीचं बघू. तालुक्यातल्या चन्नरायपट्टण होबळीतल्या, म्हणजे महसुली मंडळातल्या, १३ गावांमधली १,७७७ एकर जमीन विमान-उद्योगासाठी घ्यायचं कर्नाटक सरकारनं ठरवलं. ४ एप्रिल २०२२ला शेतकरी धरणं धरून बसले. २५ जून २०२५ला ‘देवनहळ्ळी चलो’ची हाक दिली, तेव्हा पोलिसांनी आंदोलकांना ताब्यात घेतलं. शेवटी १५ जुलैला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी हे भूसंपादन सोडून दिल्याचं जाहीर केलं. स्वखुशीनं जमीन देणाऱ्याची मात्र घेऊ, असंही ते म्हणाले. धरणं १,१९८ दिवस चाललं होतं. या काळात राज्यात सरकार बदललं, तरी मांडव हलला नाही.

तुम्ही म्हणाल, भूसंपादनाचा नवा कायदा आहे ना? आहे. २०१३चा. त्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते, सरकारी-खासगी भागीदारीत ७० टक्के, आणि आधी सामाजिक परिणामांचा अभ्यास करावा लागतो. पण देवनहळ्ळीत जमीन घेतली जात होती ती राज्याच्या १९६६च्या औद्योगिक क्षेत्र विकास कायद्याखाली. त्यात संमतीची ही अट नाही. आपल्याकडे एमआयडीसीचा १९६१चा कायदा त्याच जातीचा, आणि २०१८ साली महाराष्ट्रानं दुरुस्ती करून त्याला २०१३च्या कायद्यापासून बाजूला ठेवलं. एकाच देशात एका जमिनीसाठी संमती हवी आणि बांधापलीकडच्या जमिनीसाठी नको, हे मला न्यायाचं वाटत नाही.

आता एक कागद डोळ्यांसमोर आणा. आपला सातबारा, कर्नाटकातली पहाणी. त्यावर काय असतं? गट किंवा सर्व्हे नंबर, क्षेत्र, खातेदाराचं नाव, पीक. त्याच शेतात पंधरा वर्षं खुरपणी करणाऱ्या मजूर बाईचं नाव कुठल्याच रकान्यात नसतं. २०१३चा कायदा मात्र तिला ओळखतो. संपादनाआधी तीन वर्षं ज्याचं पोट मुख्यतः त्या जमिनीवर आहे, ते भूमिहीन कुटुंबसुद्धा ‘बाधित’ धरायचं, असं त्यात लिहिलंय. राज्याचा जुना कायदा लावला की तिचा हा हक्क लटकतो. खातेदाराला मोबदला मिळेल. तिला काय मिळेल?

याच तालुक्यात होकाराचं दुसरं रूपही आहे. आयफोन जोडणारा फॉक्सकॉनचा मोठा कारखाना देवनहळ्ळीजवळ उभा राहिलाय, आणि अशा कारखान्यांत बहुतेक तरुण मुली कामाला असतात. २०२३ साली कर्नाटकानं कारखाने कायदा बदलला. कामगारानं लेखी संमती दिली तर पाळी १२ तासांपर्यंत नेता येईल, बायकांना अटी घालून रात्रपाळी देता येईल, असं त्यात ठरलं. आठवड्याची मर्यादा ४८ तासच राहिली, पण तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ७५ तासांवरून १४४ तासांवर गेली.

जरा हिशेब मांडू. तीन महिने म्हणजे १३ आठवडे. ७५ तास त्यात वाटले तर आठवड्याला पावणेसहा तास, म्हणजे एकूण ५४च्या आत. १४४ वाटले तर आठवड्याला अकरा, म्हणजे एकूण ५९. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून सांगितलं की आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम केलं तर पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास करणाऱ्यापेक्षा ३५ टक्क्यांनी वाढतो. जुनी मर्यादा या रेषेच्या अलीकडे होती, नवी पलीकडे आहे. प्रत्येक मुलगी तेवढं काम करते असं नाही, पण कायद्यानं वाट मोकळी करून दिली. गावापासून लांब, वसतिगृहात राहणारी एकोणीस वर्षांची पोर त्या संमतीच्या कागदावर ‘नाही’ लिहू शकते का, हे शोधण्याचं काम अभ्यासकांनी हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं. महाराष्ट्र मंत्रिमंडळानंही २०२५च्या सप्टेंबरमध्ये कारखान्यांतला दिवस ९ वरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली. हा प्रश्न आपल्या दारात आलेला आहे.

‘नाही’ म्हणण्याची सोय करता येते, हे आपल्याच रायगडनं दाखवलंय. महामुंबई सेझला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राला, विरोध झाला, तेव्हा २१ सप्टेंबर २००८ला पेण भागातल्या २२ गावांत सरकारनं जनमत घेतलं. जमीन द्यायची की नाही, हे शेतकऱ्यांनी रांगेत उभं राहून मतानं सांगितलं. पुढे तो सेझ झाला नाही. त्याआधी, १९८४च्या जानेवारीत, उरण तालुक्यात शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या जमिनीच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले होते. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. तरीही १९८४ काय किंवा २००८ काय, जिच्या नावावर जमीन नाही तिचं मत कोणी वेगळं विचारलं नाही.

तेव्हा श्रोतेहो, तुमच्या गावात मोजणीची नोटीस लागली तर एक करा. ग्रामसभा बोलवा. सातबाऱ्यावर नसलेल्या, पण त्या शिवारावर जगणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचं नाव, बायकांच्या नावांसकट, इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची सही-शिक्क्याची नक्कल जपून ठेवा.